रोवणीच्या दिवसांतलं म्हातारघर

उपम्याची थाळी घेऊन मी खोलीत आले तर पारबता घामानं निथळत होती. डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेर पावसाची झड लागली होती, आणि हिचा गाऊन पाठीला चिकटलेला. डोळे अर्धे उघडे होते, पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. ओठ हलत होते, शब्द बाहेर येत नव्हता. हात धरला तर गार लागला.

"पारबता! अवो पारबता! तुले काय होऊन राहिलं?"

शेजारच्या खाटेवरची कौसल्या म्हणाली, "झोपली आहे थे. मघापासून झोपूनच राहिली. उठवू नोको तिले."

झोपलेलं माणूस मला ओळखता येतं, आणि गेलेलंही. हे दोन्हीतलं नव्हतं. मी थाळी खाटेखाली सरकवली आणि व्हरांड्यात जाऊन ओरडले. नर्स दीपाली धावत आली. विशीतली मुलगी, साताऱ्याकडची, इथं लागून तिला फार दिवस झाले नव्हते. तिनं पारबताच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून यंत्रावर लावला आणि आकडा पाहून तिचा चेहराच उतरला.

"साखर उतरलीय. फार उतरलीय. आजी, साखर आणा! पळा!"

मला वाटलं, पोरगी घाबरून उलटं बोलते आहे. पारबताला साखरेचाच तर आजार. साखर बंद करून वर्ष झालं होतं, आणि ही म्हणते साखर आणा. तरी मी कौसल्याच्या डब्यातून मूठभर साखर काढली. पारबताचे दात घट्ट मिटलेले होते. मी ते बोटानं उघडायला गेले तर दीपालीनं माझा हात धरला.

"आता तोंडात काही घालू नका, श्वासात जाईल. शिरेतून द्यावी लागेल. ते इंजेक्शन ऑफिसच्या कपाटात आहे."

कपाटाला कुलूप होतं. किल्ली होती इथलं सगळं पाहणाऱ्या निर्मलाताईंच्या कमरेला, आणि निर्मलाताई गावात गेल्या होत्या.

पारबता माझी धाकटी बहीण. तिला इथं ठेवायचं की माझ्या घरी एकोडीला न्यायचं, हे ठरवायला मी आले होते. आता ठरवायला ती उरते की नाही, असं झालं.

एकोडीहून निघाले

पारबताला मागच्या वर्षी लकवा झाला. उजवी बाजू गेली. साखर आधीपासून होतीच. तिचा मुलगा माधव हैदराबादला नोकरी करतो, त्याची बायकोही करते. घराला दिवसभर कुलूप. कुलूपबंद घरात लकव्याचं माणूस ठेवता येत नाही. म्हणून त्यानं तिला तुमसरच्या पुढे एका वृद्धाश्रमात ठेवलं. वृद्धाश्रम हे पाटीवरचं नाव. आजूबाजूचे लोक म्हातारघर म्हणतात.

माधवचा फोन आला. "मावशी, तू एकदा पाहून ये. मले फोनवर सारे चांगलंच सांगतात. तुले ठीक नाही वाटलं तर आईले तुह्या घरी घेऊन जा."

मी पडवीची खोली झाडली, खाट टाकली, आणि निघायची तयारी केली. सून म्हणाली, "आत्ताच काहून जाता? रोवना होऊ द्या ना."

"रोवन्यात माह्या काही उपयोग नाही, म्हनून तर जाऊन राहिली," मी म्हटलं.

आमच्याकडे धानाची रोवणी, तुमच्याकडची भातलावणी, लागली की घरात माणूस उरत नाही. उजाडायच्या आत सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, जातात आणि अंधार पडल्यावर येतात. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाट पाहत नाहीत. गुडघे गेल्यापासून मी एकटी घर राखते. कोंबड्या आणि मी.

साकोलीपर्यंत काळीपिवळी जीप मिळाली. पुढे भंडाऱ्याची एसटी. कंडक्टर पोरगाच होता. म्हणाला, "आजी, पंच्याहत्तर झाले काय? आधार कार्ड दाखवा."

"माह्या तोंडाकडे पाहून तुले काय वाटते?"

"तोंडाकडे पाहून तर नव्वद वाटते, पन साहेब कार्डच मागते."

सगळी गाडी हसली. मीही हसले. कार्ड दाखवलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला पाणी भरलेल्या बांध्या होत्या. कुठं नुसता चिखल, कुठं रोवून झालेली कोवळी हिरवी ओळ. बाया वाकून मागे मागे सरकत होत्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधलेले, कुणाच्या कमरेला मोबाईल लटकलेला आणि त्यात गाणी. पाठीच्या त्या ओळी पाहिल्या की माझी कंबर अजून दुखते. कारध्याच्या पुलावर गाडी हळू झाली. वैनगंगा लाल गढूळ, काठोकाठ. माझ्या शेजारच्या बाईनं खिडकीतून हात जोडले. मी जोडले नाहीत, मला खिडकी नव्हती.

भंडाऱ्याच्या स्टँडवर आलुबोंडा आणि तर्री खाल्ली. तर्री अशी की डोळ्यांतून पाणी आलं, पण चव होती. त्या डोळ्यांतल्या पाण्यामुळेच पुढचा घोळ झाला. पाटी नीट वाचता आली नाही. दारात उभ्या असलेल्या एका माणसाला विचारलं, "हे तुमसरले जाते काय गा?" तो म्हणाला, "हाव." मी बसले. गाडी गावाबाहेर निघाली तेव्हा कळलं की ती लाखांदूरला चालली आहे, अगदी उलट्या दिशेला. त्या माणसाकडे वळून म्हटलं, "तू तर हाव म्हनला होता!"

"मले आयकू नाही आलं बाई, म्हनून हाव म्हटलं."

आमच्या भागात हे असं आहे. बाहेरच्यांना खरं वाटत नाही. हाव म्हणजे होय, हे बरोबरच. पण पुष्कळदा हाव म्हणजे फक्त, तू बोललीस, मी इथं आहे. फाट्यावर उतरून, भिजत उभं राहून, दुसऱ्या गाडीनं परत स्टँडवर आले. तुमसरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. तिथं राइस मिलींचा कोंडा हवेत असतो, पावसातही त्याचा वास जात नाही. मला तो वास आवडतो.

ऑटोवाल्यानं विचारलं, "म्हातारघरात काय? राहाले चालली का भेटाले?"

"पाहाले."

"पाहून घ्या. चांगलं आहे. माह्या आत्याले मीच सोडून आलो तिथं," तो म्हणाला आणि ऑटो सुरू केला.

शेवटची खोली

ज्यांना आपलं माणूस अशा ठिकाणी ठेवायचं आहे त्यांना मी एक सांगते. आत गेल्यावर आधी काही पाहू नका, वास घ्या. फरशी पाहुण्यांसाठी पुसता येते, वास एका दिवसात जात नाही. मी वास घेतला. फिनाईलचा होता, ओल्या कपड्यांचा होता, भाताचा होता. मुताचा नव्हता. माझं अर्धं मन तिथंच झालं.

इमारत पूर्वी धानाचं गोदाम होती. कुण्या व्यापाऱ्यानं दान दिली. लांबच लांब, एका ओळीत खोल्या, पुढे व्हरांडा. एका टोकाला स्वयंपाकघर आणि ऑफिस, कारण विहीर त्या बाजूला. दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेल्या बाया, कारण तिथं शांतता. कुणी विचार करूनच हे केलं असेल. पण ज्यांना सगळ्यात जास्त मदत लागते त्याच सगळ्यात लांब. थाळी तिकडे जाईपर्यंत भात थंड. तांब्या आणायला जायचं तर आख्खा व्हरांडा. एका बाईचा दिवस चालण्यातच जातो. माझ्या घरात चूल इथं आणि पाणी त्या गल्लीत अशी तऱ्हा होती तेव्हा मी जशी चालायचे, तसं.

पारबता शेवटच्या खोलीत होती. मला पाहून डाव्या बाजूनं हसली.

"आली व बाई? जेवली काय?"

"हाव, जेवली. तू?"

"हाव."

तिची नखं कापलेली होती. पाठ पाहिली, जखम नव्हती. केस विंचरलेले. घरी राहिली असती तर माझ्याकडून इतकं झालं असतं की नाही, शंका आहे.

तेवढ्यात दीपाली औषध घेऊन आली. आम्हा दोघी आज्यांना पाहून तिला बरं वाटलं असावं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, एक विचारू? या आजींना मुलींचा राग आहे का? मी आल्यापासून रोज म्हणतात, पोरी नको, पोरी नको. मी काय केलं?"

मला आधी कळेना. मग असं हसू आलं की कौसल्याही उठून बसली. आमच्या झाडीपट्टीत जुनी माणसं 'ळ' म्हणत नाहीत. डोळा म्हणजे डोरा. पोळी म्हणजे पोरी.

"अवो, तिले पोळी नोको आहे. भात पायजे."

दीपाली कपाळावर हात मारून तिथंच खाटेवर बसली. "आणि मी रोज बाहेर जाऊन कामाच्या मावशींना पाठवत होते! म्हटलं मी नको असेन."

"म्हनूनच रोज मले पोरीच भेटे!" पारबता म्हणाली.

मुलगी चांगली होती. हात हलका होता. पण तिचं मराठी आणि यांचं मराठी यांच्यामध्ये मोठी नदी होती आणि पूल अजून झाला नव्हता.

संध्याकाळी निर्मलाताईंबरोबर लसूण सोलत बसले. आश्रम त्या चालवतात. आधी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आवाज मोठा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलताना हात थांबत नाहीत. मी सरळ विचारलं, "ताई, बाकी सारं ठीक आहे. पन बाया कुठी आहेत? मघापासून मले एक बाई दिसली आनि एक नर्स."

"रोवन्याले गेल्या," त्या म्हणाल्या. "दर वर्षी जातात. स्वतःची बांधी असते, नसली तर दुसऱ्याच्या बांधीत मजुरी जास्त भेटते. मी अडवू कशी? त्यायच्या घरचा वर्षाचा तांदूर आहे थो."

"मग तुम्ही काय करता?"

"मी? मी रडतो आनि धावतो." हसल्या. मग लसूण सोलत म्हणाल्या, "पाहा, इथं लोक येतात. कोनी टीव्ही देते, कोनी पंखे, कोनी वॉटर कूलर. नाव लिहून देतात त्याच्यावर. बाई कोनी देत नाही. इमारत एकदा उभी केली की उभी राहते. बाईले रोज उभं राहावं लागते."

मला ते पटलं. माझी सासू अंथरुणाला होती तेव्हा आम्ही तीन सुना होतो, आणि तिघी मिळून एका म्हातारीला पुरलो नाही. भांडलो, एकमेकींची पाळी टाळली. इथं त्या शेवटच्या खोल्यांमधल्या सगळ्या बायांना उचलायला, फिरवायला, भरवायला मंदा नावाची एकच बाई होती, आणि मंदा आता बांधीत होती. सगळं नीट चाललेलं मला दिसत होतं. पण एखादी खाट जशी एका खिळ्यावर असते, तसं ते एका मंदावर होतं.

बांधीवर

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. पारबता दुपारची झोपली तेव्हा मी मंदाला पाहायला निघाले. माझ्या बहिणीला वर्षभर भरवणारी बाई कोण आहे ते मला पाहायचं होतं. बांधी आश्रमाच्या मागेच होती. धुऱ्यावरून, दोन बांध्यांमधल्या बांधावरून, चालताना पाय सरकला आणि मी बसले ती थेट चिखलात. लुगडं कमरेपर्यंत माखलं. बायांची ओळ उभी राहून हसली.

"आजी रोवाले आली वं!"

"मुठभर पऱ्हे द्या तिले!"

"द्या," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा सरळ रोवीन. फक्त वाकवाले दोघी पायजे आनि उभं कराले चौघी."

मंदानं येऊन मला उठवलं. काळीसावळी, खांदे मोठे, दात पुढे. खांदे पाहून मी समजले, माणसं उचलून उचलून झालेत हे खांदे. मी पारबताची बहीण म्हटल्यावर तिनं मला धुऱ्यावर बसवलं आणि पाण्यानं पाय धुतले.

"आई जेवते ना? रागावली असन माह्यावर."

"रागावली नाही. पन तू कधी येनार?"

"चार-सहा दिवसांत. वर्षभर मी दुसऱ्याच्या म्हाताऱ्या सांभारतो आजी. हे माह्यी बांधी आहे, इथं मी नाही आली तर कोन येईन?" तिनं आवाज वाढवला नाही. रागही नव्हता. खरं होतं, एवढंच.

जेवायची वेळ होती. बाया धुऱ्यावर बसल्या, फडकी सोडली. मंदानं विचारलं, "जेवली काय आजी?"

"हाव, जेवली," मी म्हटलं.

मी जेवले नव्हते. तिलाही ते माहीत होतं. तिनं ऐकलंच नाही आणि माझ्या हातावर तांदळाची भाकर ठेवली, वर तरोट्याची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. मी एकदा नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं, आणि मग खाल्लं. तरोटा पावसाळ्यात आपोआप उगवतो, लोक त्याला गवत समजतात. त्या दिवशीइतका चांगला मी कधी खाल्ला नाही.

आमच्याकडे असंच चालतं. विचारणाऱ्यानं विचारायचं, उत्तर देणाऱ्यानं हाव म्हणायचं. नाही म्हणणं म्हणजे वाढ म्हणून मागणं, आणि आपल्या तोंडानं मागायचं नसतं. मग विचारणाऱ्यानं त्या हावकडे लक्ष न देता वाढायचं. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, म्हणून कुणी कुणाला शिकवत नाही.

तिसरी सकाळ

तिसऱ्या दिवशी झड पुन्हा लागली आणि स्वयंपाकाची बाईसुद्धा आली नाही. तिची बांधी त्या दिवशी होती. निर्मलाताई छत्री घेऊन गावात गेल्या, कुणी तरी एखादी बाई मिळते का पाहायला. जाताना मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही पाहुने आहा, पन जरा कांदे चिरून द्याल काय?"

मी चहा घेऊन पारबताजवळ बसले होते. दीपाली ट्रे घेऊन आली. रोज या वेळेला नाश्ता होऊन गेलेला असतो, आणि नाश्त्यानंतर साखरेच्या आजाराची सुई, इन्सुलिनची. ती एकटीच सगळ्यांचं पाहत होती. कपाळावर घाम, केस सुटलेले. दारातूनच विचारलं, "आजी, नाश्ता झाला का?"

पारबता म्हणाली, "हाव."

दीपालीनं तिच्या पोटाला सुई टोचली आणि पुढच्या खोलीत गेली.

मी तिथंच होते, हातात कप घेऊन. मला काही खटकलं नाही. पारबतानं जे म्हणायचं असतं तेच म्हटलं होतं. सुई कशाची, तिच्याआधी पोटात अन्न गेलेलंच पाहिजे, हे मला ठाऊक नव्हतं. पारबतालाही नव्हतं. तिला रोज मंदा आधी भरवायची आणि मग सुई यायची. कुणी तिला विचारायचंच नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. मोठ्या कढईत रवा भाजला, कांदे चिरले. इतक्या माणसांचा उपमा मी कधी केला नव्हता, गुठळ्या झाल्या. जी एक बाई उरली होती ती थाळ्या घेऊन निघाली. पहिली खोली, दुसरी खोली, एकाला भरव, दुसऱ्याचं सांडलेलं पूस. शेवटच्या खोलीची थाळी मी स्वतःच उचलली. बाकीचं तुम्हाला सांगितलं आहे.

"किल्ली निर्मलाताईंकडे आहे," दीपाली म्हणाली आणि मोबाईल लावू लागली. फोन लागेना. पावसात तिकडे लागत नाही.

"कपाट कशाचं आहे?" मी विचारलं.

"काचेचं."

मी स्वयंपाकघराकडे निघाले. धावले म्हटलं तर खोटं होईल, माझे गुडघे धावत नाहीत. भिंत धरत गेले. तो व्हरांडा इतका लांब आहे हे मला तेव्हा कळलं. खलाचा लोखंडी बत्ता उचलला, ऑफिसात गेले आणि काचेवर हाणला. पहिल्यांदा तडा गेला, दुसऱ्यांदा काच खाली आली. दीपाली माझ्यामागेच पोचली होती. तिनं हात घालून डबा काढला आणि ती मात्र धावली. मी मागे पोचले तेव्हा ती पारबताच्या हातावर शीर शोधत होती. घामानं हात निसटत होता, शीर बारीक. एकदा टोचलं, चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. कौसल्या मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागली. मी म्हटलं, "गप ना व. तिले पाहू दे."

तिसऱ्यांदा शीर मिळाली. मोठी सिरिंज होती, दीपाली ती अगदी हळू दाबत होती. मी पारबताचा पाय धरून बसले. पायच का धरला, ठाऊक नाही. तोच हाताशी आला.

आधी ओठ हलायचे थांबले. मला वाटलं, संपलं. मग डोळे फिरले, कौसल्याकडे गेले, पंख्याकडे गेले आणि माझ्यावर येऊन थांबले.

"माय व," पारबता म्हणाली, "मी ओली काहून झाली?"

दीपालीनं सिरिंज खाली ठेवली. तिनं विचारलं, "आजी, सकाळी तुम्ही नाश्ता केला होता ना?"

"हाव," पारबता म्हणाली.

खाटेखाली उपम्याची थाळी तशीच होती. दीपालीनं थाळीकडे पाहिलं, पारबताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसून रडायला लागली. "मी विचारलं होतं. तुमच्यासमोर विचारलं. त्या हो म्हणाल्या."

"हाव. मीही आयकलं," मी म्हटलं. "इथं कोनी नाही म्हनत नाही, पोरी. तू उद्या मेलेल्या मानसाले विचारशीन, जेवला काय, तर थोही हावच म्हनन."

रडता रडता ती हसली. मग तिनंच गरम दुधात साखर घालून आणली, आणि यावेळी न विचारता, चमच्यानं भरवली.

तुमसर, आणि परत

निर्मलाताई परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मंदा होती, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच. फुटलेली काच पाहिली, पारबताला पाहिलं. कुणावर ओरडल्या नाहीत. गाडी बोलावली आणि पारबताला तुमसरच्या दवाखान्यात नेलं, कारण साखर पुन्हा उतरू शकते म्हणाल्या. तिथून माधवला फोन त्यांनीच लावला. "तुमच्या आईले आमच्याकडून उपाशीपोटी सुई दिल्या गेली," असंच सांगितलं. बाकी काही जोडलं नाही. त्या बाईबद्दल माझं मत तिथं झालं, ते अजून तेच आहे.

माधव मग माझ्याशी बोलला. चिडला होता, रडतही होता. "मावशी, तिले तिथं नोको ठेवू. घरी घेऊन जा."

दवाखान्यात पारबताला भाताची पेज भरवत मी विचारलं, "चालते काय एकोडीले? खोली झाडून ठेवली आहे."

तिनं तोंडातली पेज गिळली. मग म्हणाली, "तुह्या घरी आता कोन आहे?"

"मी आहे."

"तुले सुई टोचता येते?"

"नाही."

"मले उचलता येते?"

मी पेजेचा पुढचा चमचा भरला. माझे गुडघे तिला माहीत आहेत.

"आनि बाकीचे सारे रोवन्याले गेले आहेत," ती म्हणाली. "तुह्या घरी रोवना नाही काय? तिथं निदान एकजन धावत आली. तुह्या घरी कोन धावन, कोंबड्या?" मग म्हणाली, "तिथं कौसल्या आहे. रोज तिच्याशी भांडन होते. तुह्या घरी कोनाशी भांडू? तू तर आयकतच नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं नाही. पण खोटं काय होतं त्यात? खोली झाडून ठेवणं सोपं असतं. तिला माझ्या घरी नेलं असतं तर सगळे म्हणाले असते, बहिणीनं बहिणीला सांभाळलं. आणि ती पडवीत एकटी पडून राहिली असती, सकाळपासून अंधार पडेपर्यंत.

मी तिला परत आश्रमात सोडलं आणि रोवणी संपेपर्यंत तिथंच राहिले. भाजी चिरली. उपम्याच्या गुठळ्या कमी झाल्या. निर्मलाताईंनी अंथरुणावरच्या बायांना उचलून स्वयंपाकघराजवळच्या खोल्यांत आणलं, आणि ज्यांना चालता येतं त्या शेवटच्या खोल्यांत गेल्या. कौसल्या कुरकुरली, तिला शांतता आवडायची. तिला म्हटलं, शांतता मेल्यावर भरपूर आहे. इंजेक्शनचा डबा आता कुलपात नाही, दीपालीच्या ट्रेवर असतो. कपाटाला नवी काच बसवली तेव्हा निर्मलाताई म्हणाल्या, "ह्या काचेवर तुमचं नाव लिहू काय, फोडनाऱ्याचं?"

सगळ्या घरांना त्यांनी निरोप पाठवला की पुढच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत ज्यांचं माणूस इथं आहे त्यांनी पाळीपाळीनं येऊन राहावं, भेट म्हणून पंखे आणू नयेत. किती येतील ते पुढच्या वर्षी कळेल. मी येणार आहे.

दीपाली आता नाश्ता झाला का असं विचारत नाही. थाळी हातात घेऊन येते, समोर खाताना पाहते, मग सुई काढते. कधी कधी विचारते, "आजी, काय खाल्लं?" त्याला हाव म्हणता येत नाही. पारबतानं एकदा त्यालाही हाव म्हटलं, आणि सगळी खोली हसली.

परतीच्या गाडीत मी पाटी दोनदा वाचली, आणि कंडक्टरलाही विचारलं, "ही गाडी कुठी जाते?" गावाचं नाव त्याच्याच तोंडून येऊ दिलं. साकोलीहून एकोडीला पोचले तेव्हा आमच्या बांध्या हिरव्या झाल्या होत्या, आणि घरी सून अंगणात झोपली होती, चिखलाच्या पायांनी, दमून.

त्या सकाळी शेवटच्या खोलीत आम्ही चौघी होतो. कौसल्या पुढे थंडीत गेली, तापानं. दीपाली अजून तिथंच नोकरीला आहे. मी इथं आहे. पारबता वाचली.